मामांना बदलायचं की ठेवायचं?

या महिन्यातली बहुतेक पत्रं एकाच विषयावर आहेत. संघ हरतोय, मग प्रशिक्षक बदलायचा का? केएसएची, म्हणजे कोल्हापूर स्पोर्ट्स असोसिएशनची, फुटबॉल साखळी स्पर्धा मध्यावर आली की कोल्हापुरात हा प्रश्न निघतोच. पहिलं पत्र मोठं आहे, पण त्यातली अडचण शहरातल्या कुठल्याही तालमीची, म्हणजे पेठेतल्या फुटबॉल मंडळाची, असू शकते, म्हणून त्याला सर्वांत जास्त जागा दिली आहे. विनंतीप्रमाणे नावं छापलेली नाहीत.

प्रश्न : सर, सप्रेम नमस्कार. मी शहरातल्या एका तालमीचा सेक्रेटरी आहे. आमचा संघ वरिष्ठ गटात खेळतो. गेल्या हंगामात पहिल्या पाचात होतो. यंदा सात सामन्यांत एक जिंकला, दोन बरोबरीत सुटले, चार हरलो. त्यातले तीन पराभव एका गोलाचे, आणि तिन्ही वेळा गोल शेवटच्या वीस मिनिटांत खाल्ला. प्रशिक्षक आमचेच जुने खेळाडू, सगळी पेठ त्यांना मामा म्हणते. त्यांचं हे दुसरं वर्ष. मानधन नावापुरतं. हंगामाच्या तोंडावर आमचा स्ट्रायकर आणि मधल्या फळीतला एक चांगला खेळाडू दुसऱ्या संघात गेले. कमिटीनं बाहेरून दोघं आणले, पण ते उशिरा आले. बरीच पोरं कामाला जातात, त्यामुळं सकाळच्या सरावाला कधी नऊ जण असतात, कधी अकरा. मागच्या सामन्यानंतर शाहू स्टेडियमच्या बाहेर आमच्याच समर्थकांनी मामांना घेराव घातला. व्हॉट्सॲप ग्रुपवर तर बोलायची सोय राहिलेली नाही. येत्या रविवारी बैठक आहे. अर्धी कमिटी म्हणते, मामांना थांबवा आणि लायसन्सवाला कोच आणा. अर्धी म्हणते, पेठेचा माणूस आहे, असं काढता येणार नाही. तुम्ही काय केलं असतं?

उत्तर : सेक्रेटरीसाहेब, मी मामांना हंगाम संपेपर्यंत ठेवलं असतं आणि बैठकीत तसा ठराव लिहून घेतला असता. ‘पेठेचा माणूस’ हे माझं कारण नाही. पेठेचा माणूसही चुकीचा प्रशिक्षक असू शकतो. मामांना ठेवायचं कारण मला तुमच्याच पत्रात दिसतं.

सरावाला नऊ पोरं येतात, हे तुम्ही ओघात लिहिलं आणि पुढं गेलात. मी तिथंच अडलो. नऊ पोरांत बचाव फळी बसवता येत नाही. चौघांनी एकत्र सरकायचं, एकजण चेंडूवर गेला की दुसऱ्यानं मागची जागा झाकायची, कॉर्नरला कुणी कुणाला धरायचं, हे समोरून हल्ला करणारी सहा-सात माणसं असल्याशिवाय घटवून घेता येत नाही. नऊ जणांत पासिंग होतं, छोट्या गोलात खेळ होतो, घाम निघतो. मग सामन्यात पोरं तासभर जिद्दीवर खेळतात आणि पाय जड झाले की जागा सोडतात. शेवटच्या वीस मिनिटांतले गोल तिथून येतात. ते थांबवायचे असतील तर सरावाला सोळा-सतरा जण उभे करायला हवेत, आणि ते काम मामांचं कमी, कमिटीचं जास्त आहे. सकाळी जमत नसेल तर आठवड्यातून दोन दिवस संध्याकाळी उशिरा, दिव्याखाली मैदान मिळवा. पोरं ज्यांच्याकडं कामाला आहेत त्या मालकांना तुम्ही स्वतः जाऊन भेटा. कोल्हापुरात फुटबॉलसाठी तासभर सोडा म्हटलं तर नाही म्हणणारे मालक फार नाहीत.

दुसरी गोष्ट. गेल्या वर्षी पहिल्या पाचात आलेला संघ मामांकडं यंदा नाहीच. गोल करणारा गेला, त्याला चेंडू पुरवणारा गेला. बदली खेळाडू कुणी निवडले? कमिटीनं. ते उशिरा आले, याला जबाबदार कोण? उद्या नवा प्रशिक्षक आणलात तर त्याला हीच पोरं, हेच मैदान आणि हाच सकाळी सहाचा सराव मिळणार आहे.

तुमच्यातले काहीजण म्हणतील, माणूस बदलला की संघ उठतो, हे डोळ्यांनी बघितलंय. खरं आहे, बघितलेलं असतं. बास टेर वील नावाच्या डच अर्थतज्ज्ञांनी नेदरलँड्सच्या वरच्या लीगमधल्या १९८६ ते २००४ या काळातल्या प्रशिक्षक बदलांचा अभ्यास केला. हकालपट्टीनंतर संघ सावरतात, असं त्यांनाही दिसलं. पण तेवढ्याच वाईट घसरणीत सापडूनही ज्यांनी प्रशिक्षक बदलला नाही, अशा संघांशी त्यांनी तुलना केली. तेही साधारण तसेच सावरलेले होते. कारण समजायला अवघड नाही. प्रशिक्षकाला काढतात ते संघ अगदी तळाला असताना. त्या घसरणीत खराब खेळ असतो तसं दुर्दैवही असतं. पोस्टला लागलेले चेंडू, दुखापती, पंचांचे एक-दोन निर्णय. दुर्दैव कायम राहत नाही, म्हणून पुढचे सामने आधीपेक्षा बरे जातातच, आणि श्रेय नव्या माणसाच्या पदरात पडतं.

इंग्लंडच्या लीस्टर सिटीचं बघा. २०१६ च्या मे महिन्यात क्लाउदिओ रानिएरींनी त्यांना प्रीमियर लीगचं विजेतेपद मिळवून दिलं. सगळं जग थक्क झालं. पुढच्या फेब्रुवारीत, विजेतेपदाला वर्षही झालं नव्हतं तेव्हा, त्यांना काढलं. त्यांचेच सहायक क्रेग शेक्सपिअर आले आणि लीगमधले पहिले पाचही सामने जिंकले. लोक म्हणाले, बघा, काढलं ते बरं झालं. संघ बाराव्या क्रमांकावर आला. ऑक्टोबरमध्ये शेक्सपिअर यांनाही घरी पाठवलं.

सन्डरलंड या दुसऱ्या इंग्लिश क्लबची गोष्ट मला याहून महत्त्वाची वाटते, कारण ती बदलणाऱ्यांच्याही विरोधात जाते आणि ठेवणाऱ्यांच्याही. २०१३ च्या वसंतात त्यांनी मार्टिन ओ’नील यांना काढून पाओलो दि कानिओ यांना आणलं, संघ खालच्या गटात जाण्यापासून वाचला. त्याच शरदात दि कानिओ गेले, गुस पोयेत आले, संघ वाचला. २०१५ च्या मार्चमध्ये पोयेत गेले, डिक ॲडव्होकाट आले, संघ वाचला. ऑक्टोबरमध्ये ॲडव्होकाट गेले, सॅम ॲलरडाइस आले, पुन्हा संघ वाचला. दर वर्षी मधेच माणूस बदलायचा आणि काठावर तरायचं. प्रत्येक नवा माणूस आपल्या पसंतीचे खेळाडू मागायचा, आधीच्यानं आणलेले बाकावर बसायचे. कर्ज आणि पगार वाढत राहिले. अखेर २०१६-१७ मध्ये त्यांनी डेव्हिड मॉइस यांना पूर्ण हंगाम ठेवलं, तर २४ गुणांवर तळाला जाऊन संघ खाली घसरला. त्याच्या पुढच्या वर्षी आणखी एक पायरी खाली, थेट तिसऱ्या स्तरावर. परत प्रीमियर लीगमध्ये यायला २०२५ उजाडलं. बदलल्यानं क्लब सुधारला नाही, आणि तोवर आतून इतका पोखरला होता की ठेवल्यानंही उपयोग झाला नाही. म्हणून बैठकीत मामांच्या खुर्चीवर तासभर बोलून घरी जाऊ नका. तालमीच्या कारभारावरही तासभर बोला.

आता बदल केव्हा कामी येतो, तेही सांगतो, नाहीतर मी एकच बाजू मांडली असं होईल. २०२२ च्या ऑक्टोबरमध्ये ॲस्टन व्हिलानं स्टीव्हन जेरार्ड यांना काढलं. संघ सतराव्या क्रमांकावर होता. त्यांनी उनाई एमरी यांना आणलं. एमरींनी व्हिलारेआलसारख्या छोट्या गावच्या क्लबला २०२१ ची युरोपा लीग जिंकून दिली होती. बचाव फळी पुढं ठेवायची आणि प्रतिस्पर्ध्याला ऑफसाइडमध्ये पकडायचं, ही त्यांची पद्धत त्यांनी पोरांकडून रोज घटवून घेतली. त्या हंगामात व्हिला सातव्या क्रमांकावर आला, पुढच्या हंगामात चौथ्या. आपल्याकडचं उदाहरण खालिद जमील यांचं. ते २०१६ मध्ये मिझोरामच्या ऐझॉल संघाकडं गेले. हा संघ आधीच्या हंगामात खालच्या गटात ढकलला गेला होता, दुसऱ्या संघांनी माघार घेतल्यामुळं त्याला परत जागा मिळाली होती. जमील यांनी त्याच संघाला २०१७ मध्ये आय-लीग, म्हणजे तेव्हाची देशातली वरची लीग, जिंकून दिली. आज ते भारताचे प्रशिक्षक आहेत.

या दोन्ही ठिकाणी क्लबला नेमका कोण हवा, हे ठाऊक होतं. तुमच्या पत्रात ‘लायसन्सवाला कोच’ असं आहे, पण त्याचं नाव नाही. त्याच्याशी कुणी बोललंय का? तो कोल्हापुरात राहणार कुठं, रोज सहाला मैदानावर येणार का, त्याचे पैसे कोण देणार आणि किती महिने? या प्रश्नांची उत्तरं रविवारपर्यंत मिळणार नसतील, तर नव्या कोचचा विषय हंगामानंतरच काढा. लायसन्सचं महत्त्व मी कमी लेखत नाही. अखिल भारतीय फुटबॉल महासंघाचे डी पासून वर जाणारे कोर्स आहेत आणि शरीर, दुखापत, सरावाची आखणी याबद्दल तिथं जे शिकायला मिळतं ते आम्हा जुन्या लोकांना कुणी सांगितलं नव्हतं. मामांकडं लायसन्स नसेल तर तालमीनं फी भरावी आणि पावसाळ्यात त्यांना कोर्सला पाठवावं. नव्या कोचच्या एका महिन्याच्या खर्चात हे होऊन जाईल.

सय्यद अब्दुल रहीम यांची आठवण इथं करून द्यायलाच हवी. हैदराबादचे रहीमसाहेब १९५२ च्या हेलसिंकी ऑलिम्पिकला भारताचे प्रशिक्षक होते. युगोस्लाव्हियाकडून आपण १०–१ असे हरलो. दहा गोल! आपले बरेच खेळाडू त्या थंडीत अनवाणी खेळले होते. परत आल्यावर महासंघानं बूट सक्तीचे केले आणि रहीमसाहेबांना ठेवलं. चार वर्षांनी मेलबर्नला ऑस्ट्रेलियाला ४–२ हरवून आपण उपांत्य फेरी गाठली आणि चौथे आलो. त्या सामन्यात नेव्हिल डिसूझांनी हॅट्ट्रिक केली. १९६२ ला जकार्तात दक्षिण कोरियाला हरवून आशियाई सुवर्णपदक मिळालं, तेव्हाही बाकावर रहीमसाहेबच होते, कॅन्सरनं पोखरलेले. पुढच्याच वर्षी ते गेले. हेलसिंकीहून आल्यावर त्यांनाच काढलं असतं आणि पाय तसेच उघडे ठेवले असते, तर काय झालं असतं, याचा विचार तुमच्या बैठकीत कुणीतरी मोठ्यानं करावा.

पण डोळे झाकून ठेवा, असंही मी म्हणणार नाही. मामा सांगतात एक आणि पोरं मैदानात करतात दुसरंच, असं दिसत असेल. हरल्यावर ते एखाद्या पोराचं नाव घेऊन चारचौघांत दोष देत असतील. एकाच पद्धतीनं, एकाच बाजूनं गोल खाल्ले जात असूनही सरावात काही बदलत नसेल, तर हंगामाअखेर त्यांना बदला. आणि दुखावलेल्या पोराला इंजेक्शन देऊन उतरवत असतील किंवा संघातली जागा ओळखीवर देत असतील, तर रविवारचीही वाट बघू नका. तुमच्या पत्रात यातलं काहीच नाही.

मामांची पोरं खेळतात कशी, हे गुणतक्त्यापेक्षा वहीत जास्त कळेल. पुढच्या सामन्याला दोन शहाणी पोरं गॅलरीत बसवा, ढोल-ताशापासून लांब. एकानं आपल्या संघानं पेनल्टी बॉक्सच्या आतून किती फटके मारले ते लिहायचं, दुसऱ्यानं समोरच्यांचे. सगळे फटके धरले तर साधारण दहातला एक गोल होतो, गोलच्या जवळून मारलेले जास्त होतात, आणि पेनल्टी चारात तीनदा आत जाते. मोठे क्लब संगणकावर प्रत्येक फटक्याला असंच वजन देतात आणि त्याला अपेक्षित गोल म्हणतात. बॉक्समधून तुम्ही समोरच्यांच्या बरोबरीनं फटके मारत असाल आणि तरी हरत असाल, तर कमतरता शेवटचा फटका मारणाऱ्याची आहे, आणि तो तुम्ही हंगामाआधी घालवला. समोरचे दुप्पट मारत असतील तर मामांना विचारायला तुमच्याकडं ठोस प्रश्न असेल. तीन-चार सामन्यांची वही झाली की मगच बोला. सात सामन्यांचे गुण हा फार थोडा पुरावा आहे.

घेरावाबद्दल मला वाईट वाटलं. ईर्षा हा आपल्या फुटबॉलचा प्राण आहे. ती नसती तर एका शहरातल्या पेठांनी एवढी वर्षं हा खेळ वर्गणीवर जगवला नसता. पण तालमीच्या लाल मातीत पैलवान पडला म्हणून वस्तादाची कॉलर कुणी धरत नाही. पुढच्या सामन्यानंतर मामा स्टेडियमच्या गेटातून बाहेर येतील तेव्हा तुम्ही, अध्यक्ष आणि दोन जुने खेळाडू त्यांच्याबरोबर चालत बाहेर या. ग्रुपवर तुमच्या सहीनं चार ओळी टाका: हंगाम संपेपर्यंत मामा प्रशिक्षक आहेत, ज्याला बोलायचं आहे त्यानं कमिटीशी बोलावं. आढाव्याची तारीखही आत्ताच ठरवून मामांना कळवा, म्हणजे टांगती तलवार राहणार नाही.

आणि बैठक माझ्या मताविरुद्ध गेली तर एवढं तरी करा. त्यांना ते ग्रुपवरून कळू देऊ नका. दोन ज्येष्ठ माणसं घरी जाऊन, मामींच्या देखत, आधी आभार मानून सांगू देत.

प्रश्न : मी राजारामपुरीत राहते, कॉलेजला आहे आणि घरातल्यांचा विरोध पत्करून रात्री मँचेस्टर युनायटेडच्या मॅच बघते. फर्ग्युसन गेल्यापासून एवढे मॅनेजर झाले, एकही टिकला नाही. चूक मॅनेजरची की क्लबची?

उत्तर : क्लबची, आणि ती मैदानाबाहेर झाली. २०१३ ला सर ॲलेक्स फर्ग्युसन निवृत्त झाले. डेव्हिड मॉइस यांना एक हंगामही पुरा मिळाला नाही. लुई व्हान खाल यांनी २०१६ ला एफए कप जिंकला आणि दोन दिवसांत त्यांना काढलं. मग मोरिन्यो, सोल्शेअर, काही महिने राल्फ रांगनिक, मग एरिक टेन हाख. व्हान खाल यांना चेंडू आपल्याकडं ठेवून खेळायचं होतं, मोरिन्योंना मागं बसून पलटवार करायचा होता. २०२४ च्या जुलैमध्ये टेन हाख यांचा करार वाढवला आणि ऑक्टोबरमध्ये त्यांना काढलं. रूबेन अमोरिम यांच्यासाठी पोर्तुगालच्या स्पोर्टिंग क्लबला १.१ कोटी युरो मोजले. अमोरिम तीन सेंटर बॅक, म्हणजे मधले बचावपटू, घेऊन खेळणारे. त्या रचनेत धावत बाजूनं जाणाऱ्या विंगरला फारशी जागा नाही, आणि युनायटेडनं तर टेन हाख यांच्यासाठी आंतोनी हा विंगर आयाक्सकडून सुमारे ९.५ कोटी युरोंना आणलेला. तो स्पेनच्या बेटिसकडं उसना गेला आणि तिथं छान खेळला. युनायटेड त्या हंगामात पंधरावं आलं.

म्हणजे दर वेळी नवा मॅनेजर आधीच्याच्या पसंतीची माणसं घेऊन आपली पद्धत खेळवायला बघतो. ब्रायटनकडं बघ. २०२२ च्या सप्टेंबरमध्ये त्यांचे मॅनेजर ग्रॅहम पॉटर चेल्सीनं पळवले. हंगाम सुरू झालेला. त्यांनी रॉबेर्तो दे झेर्बी यांना आणलं आणि त्याच हंगामात सहाव्या क्रमांकावर येऊन पहिल्यांदा युरोपमध्ये गेले. आपण कसं खेळायचं आणि कुठले खेळाडू घ्यायचे, हे तिथं मॅनेजरच्या आधी क्लब ठरवतो. मॅनेजर त्यात बसणारा शोधतात.

फर्ग्युसनना चार वर्षं दिली होती, आपणही देऊ, असं तुझे मित्र म्हणत असतील. ते १९८६ च्या नोव्हेंबरमध्ये आले आणि पहिला चषक १९९० ला मिळाला, हे बरोबर आहे. त्या वर्षी लीगमध्ये संघ तेरावा होता, मँचेस्टर सिटीकडून ५–१ असा मारही खाल्ला होता. पण संचालकांना गुणतक्त्यापलीकडचं दिसत होतं. शहरातली पोरं हेरणाऱ्यांची फळी फर्ग्युसननी नव्यानं उभी केली होती, दारूची सवय लागलेले ज्येष्ठ खेळाडू हलवले होते. १९९२ ला युवा संघानं एफए युथ कप जिंकला, त्यात गिग्ज, बेकहॅम, बट आणि गॅरी नेव्हिल होते. वेळ द्यायचा तो असं काही उभं राहताना दिसत असेल तर. वेळ देऊनही काही न घडलेल्या मॅनेजरांची नावं आपल्याला आठवत नाहीत, म्हणून फर्ग्युसनची गोष्ट आहे त्यापेक्षा सोपी वाटते.

प्रश्न : माझे बाबा एका संघाचे प्रशिक्षक आहेत. संघ हरला की लोक त्यांच्याबद्दल ग्रुपवर घाणेरडं लिहितात, आईचाही उल्लेख करतात. बाबा रात्री दोन-दोन वाजेपर्यंत ते वाचत बसतात आणि आम्हाला काही बोलत नाहीत. त्यांनी हे सोडावं असं मला वाटतं. मी त्यांना कसं सांगू?

उत्तर : ताई, तुमचं पत्र वाचून मन फार अस्वस्थ झालं. सोडा, असं सांगू नका. ज्या माणसानं आयुष्यभर त्या मैदानावर पहाट काढली, त्याला घरातूनही ‘सोडा’ ऐकू आलं तर तो एकटा पडेल. त्याऐवजी फोन मागून घ्या. सामन्याच्या दिवशी संध्याकाळपासून दुसऱ्या सकाळपर्यंत बाबांचा फोन तुमच्याकडं. ग्रुपमधून त्यांना बाहेर काढा. प्रशिक्षकानं समर्थकांच्या ग्रुपवर असायचं काहीच कारण नाही. आईबद्दल जे लिहिलं आहे त्याचे स्क्रीनशॉट काढून तालमीच्या अध्यक्षांना दाखवा, आणि धमकी असेल तर पोलीस ठाण्यात तक्रार द्या. पेठेत कसं दिसेल, याचा विचार करू नका. लिहिणाऱ्यानं तो करायला हवा होता.

आणि एक करून बघा. बाबांना निकालाबद्दल काही विचारू नका, एखाद्या पोराबद्दल विचारा. तो नवा गोलकीपर कसा आहे, डाव्या पायाचा तो बारका सुधारतोय का. बाबा बोलायला लागतील. जेवतील. पुढं थांबायचं की नाही ते हंगाम संपल्यावर, मे महिन्यात, चौघांनी बसून ठरवा. हरलेल्या सामन्याच्या रात्री घेतलेला कुठलाही निर्णय खरा नसतो, मग तो कमिटीचा असो की घरचा.

प्रश्न : मी गडहिंग्लजचा, अकरावीत आहे. कायम स्ट्रायकर खेळलो. नवीन सर आले आणि त्यांनी मला राइट बॅकला, म्हणजे मागं उजव्या बाजूच्या बचावाला, टाकलं. आधीच्या सरांनी असं कधी केलं नव्हतं. मी क्लब बदलू का?

उत्तर : इतक्यात बदलू नकोस. अंतोनिओ व्हॅलेन्सिया युनायटेडमध्ये विंगर म्हणून आला आणि राइट बॅक होऊन कर्णधारपदापर्यंत गेला. तिएरी ऑन्री विंगवर खेळायचा, त्याला आर्सेन व्हेंगर यांनी स्ट्रायकर केलं. नव्या माणसाला तुझ्यात असं काही दिसलं असेल जे आधीच्या सरांच्या नजरेत आलं नाही. तुझी धाव लांबची असेल, किंवा तू हरलेला चेंडू परत घ्यायला मागं पळत असशील. कोल्हापूरचा अनिकेत जाधव २०१७ ला सतरा वर्षांखालच्या विश्वचषकात भारताकडून खेळला. त्या वयात निवड करणारे एका जागेपुरतं बघत नाहीत. पोराला किती जागा कळतात, तेही बघतात.

पण अंदाज करत बसण्यापेक्षा सरांनाच विचार. सरावाच्या आधी नको, त्यांना घाई असते. सराव संपल्यावर चेंडू गोळा करायला थांब आणि सरळ विचार, ‘सर, मला मागं का घेतलंत, आणि तिथं चांगलं खेळायला मी काय सुधारू?’ बाबांना बरोबर नेऊ नकोस. सरांनी कारण सांगितलं तर चार-पाच सामने मन लावून खेळून बघ. सांगायचंच टाळलं तर हंगामानंतर क्लबचा विचार कर. ते काय म्हणाले, ते मला लिहून कळव.